पट्टे सगळ्यात शेवटी: शाळेसमोरचं आणि वेगवान रस्त्यावरचं झेब्रा क्रॉसिंग सुरक्षित कसं करावं

शाळेसमोर अपघात झाला की पहिली मागणी पांढऱ्या पट्ट्यांची होते. पट्टे एका रात्रीत मारून होतात, सकाळी सगळ्यांना दिसतात आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. पण पट्टा म्हणजे शेवटी रंग. तो गाडी थांबवत नाही. मूल मात्र त्या रंगावर विसंबून पाऊल टाकतं.

अमेरिकेत ३० शहरांतल्या पट्टे असलेल्या १००० आणि पट्टे नसलेल्या १००० जागांची तुलना करून २००५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. दुपदरी रस्त्यावर पट्टे असोत वा नसोत, अपघातांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. दिवसाला १२,००० पेक्षा जास्त वाहनं असलेल्या बहुपदरी रस्त्यांवर मात्र, जिथे नुसते पट्टे होते आणि दुसरं काहीच नव्हतं, तिथे पादचाऱ्यांचे अपघात जास्त निघाले. याचा अर्थ पट्टे मारू नयेत असा नाही. पट्टे एकटे सोडू नयेत, एवढाच आहे.

तेव्हा कामाचा क्रम असा धरा: आधी मोजणी, मग जागा, मग वेग, मग दिसणं, मग ओलांडायचं अंतर, मग गाडी थांबवायची सोय. पट्टे सगळ्यात शेवटी.

घड्याळ आणि टेप घेऊन तीन मोजण्या

पहिली मोजणी वेगाची. त्यासाठी रडार गन लागत नाही. रस्त्याच्या कडेने ५० मीटर अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारा. एकाने पहिल्या रेघेपाशी उभं राहून गाडीची पुढची चाकं रेघेवर आली की हात खाली करायचा, दुसऱ्याने दुसऱ्या रेघेपाशी घड्याळ चालवायचं. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ४.५ सेकंद म्हणजे ४०, ३.६ सेकंद म्हणजे ५०, ३ सेकंद म्हणजे ६० आणि सव्वादोन सेकंद म्हणजे ८०.

चूक हमखास एकच होते: माणूस रेघेच्या जरा मागे किंवा पुढे उभा राहून तिरका बघतो आणि प्रत्येक नोंद एकाच बाजूला चुकते. म्हणून समोरच्या कडेला, रेघेच्या बरोबर काटकोनात एक काठी रोवा आणि काठी गाडीआड गेली की इशारा द्या. मोकळ्या धावणाऱ्या १०० गाड्या मोजा. रांगेत अडकलेली गाडी धरू नका. वेग चढत्या क्रमाने लिहिलेत की ८५ वा आकडा हा त्या रस्त्याचा खरा वेग. फलकावर काय लिहिलंय ते इथे मोजू नका. सरासरीही उपयोगाची नाही, कारण सरासरी गाडीपासून मुलांना धोका कमी असतो. धोका वरच्या पंधरा गाड्यांकडून असतो.

दुसरी मोजणी फटींची. एका गाडीमागून दुसरी येईपर्यंत मुलांना किती सेकंद मिळतात, आणि किती लागतात? लागणारा वेळ असा काढा: रस्त्याची रुंदी मीटरमध्ये घ्या आणि लहान मुलांसाठी सेकंदाला एक मीटर धरा. त्यात बघून-ठरवून पाऊल उचलायला ३ सेकंद मिळवा. मुलं घोळक्याने जात असतील तर पाच-पाचच्या ओळी धरून पहिली सोडून प्रत्येक ओळीमागे २ सेकंद वाढवा. ७ मीटरचा रस्ता आणि पंधरा मुलं असतील तर ७ अधिक ३ अधिक ४, म्हणजे १४ सेकंद. ताशी ५० ने येणारी गाडी तेवढ्या वेळात जवळपास १९५ मीटर कापते. दुभाजक नसलेल्या १४ मीटरच्या रस्त्यावर तोच घोळका २१ सेकंद घेतो, आणि ताशी ८० ची गाडी त्यात साडेचारशे मीटरहून जास्त येते. आठ वर्षांच्या मुलाने साडेचारशे मीटरवरच्या गाडीचा वेग जोखावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. लहान मुलांना गाडी दिसते, पण ती किती वेगाने मोठी होत चालली आहे हे नीट कळत नाही.

आता शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अशा पुरेशा फटी किती मिळतात ते मोजा. अमेरिकी वाहतूक संहितेतला ठोकताळा सोपा आहे: मुलं ओलांडत असतात तेवढ्या काळात जितकी मिनिटं, त्यापेक्षा पुरेशा फटी कमी असतील आणि सर्वाधिक गर्दीच्या तासात किमान २० मुलं ओलांडत असतील, तर सिग्नलचा विचार करायचा. म्हणजे सरासरी मिनिटाला एक तरी फट हवी. ती मिळत नसेल तर मुलं वाट बघत नाहीत, घुसतात. इथे दोष मुलांच्या शिस्तीचा नाही.

तिसरी मोजणी वाटांची. कागदावर शाळेचं फाटक, बसथांबा, रिक्षा थांबण्याची जागा, वह्या-खाऊचं दुकान आणि रस्ता काढा. मुलं प्रत्यक्षात कुठून कुठे ओलांडतात त्याच्या रेघा एक दिवस सकाळी आणि एक दिवस सुटायच्या वेळी ओढा. दोन्ही नकाशे सहसा वेगळे निघतात. सकाळी पालक सोडतात तिथून मुलं येतात, सुटल्यावर मात्र मित्र जातील तिकडे जातात.

जागा: मुलं जातात तिथेच

रेघा सगळ्यात दाट जिथे, तिथे क्रॉसिंग. अधिक सोयीच्या कोपऱ्यावर किंवा खांब आधीच आहे म्हणून शंभर मीटर पुढे नेलेलं क्रॉसिंग रिकामं राहतं. वळसा दोन-तीन मिनिटांच्या वर गेला की मोठी माणसंही सरळ ओलांडतात. क्रॉसिंग हलवणं अगदीच भाग असेल तर मुलांची वाटही हलवावी लागते: फाटक, थांबा, कुंपणातली वाट, सगळं.

खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय बहुतेकदा फाटकाचा असतो. शाळेला मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत दुसरं फाटक काढता आलं तर मोठ्या रस्त्यावरचा निम्मा प्रश्न सुटतो. आणि मुख्य फाटक थेट रस्त्यावर उघडत असेल तर त्याच्यासमोर फूटपाथच्या कडेला कमरेइतकं, आरपार दिसणारं रेलिंग लावा, म्हणजे घंटा झाल्यावर धावत सुटलेलं मूल थेट रस्त्यात जाणार नाही. आरपार दिसणारं हा शब्द महत्त्वाचा. पत्र्याचं किंवा जाहिरात लावलेलं रेलिंग मुलांना लपवतं आणि क्रॉसिंगपाशी ती एकदम अवतरतात.

वेग: फलकाने नव्हे, रस्त्याने

कोरड्या रस्त्यावर, चालकाला भानावर यायला दीड सेकंद धरून, गाडी थांबायला साधारण एवढं अंतर लागतं: ताशी ३० ला साडेसतरा मीटर, ५० ला ३५ मीटर, ८० ला जवळजवळ ७० मीटर. ओल्या रस्त्यावर ८० ची गाडी ९५ मीटरच्या आसपास थांबते. दुसऱ्या बाजूने पाहा: मूल १५ मीटरवर अचानक दिसलं तर ५० च्या चालकाचा पाय ब्रेकवर पडायच्या आत, पूर्ण वेगात, गाडी मुलापाशी पोचलेली असते. ३० चा चालक त्याच अंतरात ब्रेक दाबून वेग ताशी २१ च्या आसपास आणतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट. स्टॉकहोममध्ये २०२० साली झालेल्या जागतिक रस्ता-सुरक्षा परिषदेने चालणारे आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवली, ती याच हिशोबाने.

फलक लावून वेग उतरत नाही. चालक रस्त्याची रुंदी बघून वेग ठरवतो. शाळेसमोरच्या आतल्या रस्त्यावर सगळ्यात खात्रीचं काम उंचावलेलं क्रॉसिंग करतं. गतिरोधक आणि झेब्रा अशा दोन गोष्टी करण्याऐवजी एकच सपाट ओटा बांधायचा आणि त्यावरून मुलांनी जायचं.

ओट्याची उंची ७५ ते १०० मिलिमीटर. फूटपाथ त्याच पातळीवर असेल तर उत्तम, मुलांना उतरावं लागत नाही. वरचा सपाट भाग किमान ३ ते ४ मीटर. बस जात असतील तर ६ मीटर, म्हणजे बसची दोन्ही चाकं एकदम वर येतात आणि प्रवासी उडत नाहीत. दोन्ही बाजूंचा उतार १० ला १, बसमार्गावर १५ ला १ पर्यंत सौम्य.

बांधताना बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. ओटा कडेला फूटपाथला भिडवला की पाणी अडतं. पहिल्या पावसात क्रॉसिंगच्या तोंडाशी डबकं होतं, मुलं ते टाळायला ओट्याबाहेरून जातात आणि सगळा खर्च वाया. कडेने पाइप किंवा जाळीची नाली आधीच काढा. दुसरं, उताराचा सांधा. जुन्या डांबरावर नुसता नवा थर टेकवला तर त्याची पातळ कड सहा महिन्यांत तुटते. उताराच्या पायथ्याशी जुना थर चार-पाच सेंटिमीटर खरवडून त्यात नवा बसवावा लागतो. तिसरं, ओटा आणि फूटपाथ एका पातळीत आले की दृष्टिहीन माणसाला रस्ता कुठे सुरू झाला ते कळत नाही. सीमेवर ६० सेंटिमीटर रुंद, गोल ठिपक्यांच्या स्पर्शफरश्या टाका. सजावटीच्या नव्हे, पायाला जाणवतील अशा.

ताशी ७०-८० च्या रस्त्यावर मात्र एकदम ओटा किंवा आखूड गतिरोधक टाकणं धोक्याचं आहे. बेसावध दुचाकीस्वार उडतो, आणि मागचा ट्रक पुढच्या गाडीवर आदळतो. तिथे वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो: २००-३०० मीटर आधीपासून मर्यादेचे फलक ८० वरून ६० आणि मग ४०, त्यासोबत पदर साडेतीन मीटरवरून तीन मीटरवर आणणाऱ्या रंगीत कडा, आडव्या रंबल पट्ट्या (चाकं गेली की खडखडणाऱ्या), दुभाजकाची सुरुवात. रस्ता बदलतोय हे चालकाला स्टिअरिंगमधून कळलं पाहिजे. रंबल पट्ट्या घरांच्या किंवा वर्गांच्या खिडक्यांसमोर टाकू नका. आवाजाच्या तक्रारीवरून त्या उखडल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर बाकीचं कामही बदनाम होतं.

दिसणं: एक मीटर उंचीवरून

सहा वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते. क्रॉसिंगच्या तोंडाशी गुडघ्यावर बसा, मोबाइल एक मीटर उंचीवर धरा आणि येणाऱ्या वाहनांच्या दिशेने फोटो काढा. तो फोटो बैठकीत दाखवला की पार्किंग हटवायचा वाद निम्मा संपतो. फोटोत उभी चारचाकी, फुलझाडांचा वाफा, वीजपेटी, जाहिरातीचा खांब, कचराकुंडी यांपलीकडे काहीच दिसत नसेल, तर चालकालाही मूल दिसत नाही.

क्रॉसिंगच्या आधी, वाहनं येतात त्या बाजूला, किमान ६ मीटर आणि शक्य असेल तर १० ते १५ मीटर जागा पूर्ण मोकळी ठेवा. ‘नो पार्किंग’ लिहून ती मोकळी राहत नाही, कारण सुटायच्या वेळी पहिली गाडी तिथेच लागते, आणि ती बहुधा एखाद्या पालकाचीच असते. त्या जागेत फूटपाथच रस्त्यात पुढे काढा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर पुढे आला की ११ मीटरचा रस्ता ७ मीटरचा होतो, मुलं चार सेकंद कमी वेळ रस्त्यात राहतात आणि उभ्या गाड्यांच्या पुढे येऊन बघू शकतात. काँक्रीट करायच्या आधी प्लास्टिकचे खांब आणि जड कुंड्या लावून महिनाभर चालवून बघा. कुंडीसकट झाड ६० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका.

चौकात असाल तर कोपऱ्याची गोलाई कमी करा. गोलाईची त्रिज्या तीन ते पाच मीटर ठेवली की वळणारी गाडी आपोआप हळू होते. शाळेची बस वळत नसेल तर मोठ्या त्रिज्येचा आतला पट्टा खडबडीत दगडी, थोडा उंच करा. बस त्यावरून जाईल, चारचाकी टाळेल.

चौपदरीवरचा सापळा

वेगवान रस्त्यांवर एकाच प्रकारचा अपघात पुन्हा पुन्हा होतो. कडेच्या पदरातली बस किंवा टेम्पो मुलांसाठी थांबतो. चालक हातानेही ‘जा’ म्हणतो. मूल धावत निघतं. शेजारच्या पदरातल्या मोटारीला बसमुळे मूल दिसत नाही आणि मुलाला मोटार. मूल बसच्या पुढच्या कोपऱ्यातून बाहेर येतं तेव्हा मोटार दहा मीटरवर असते. यात कुणी सिग्नल तोडलेला नसतो आणि थांबलेल्या माणसाने तर सौजन्यच केलेलं असतं.

यावर चार उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत. थांबण्याची रेषा क्रॉसिंगला चिकटवून न मारता ६ ते १५ मीटर आधी मारा आणि तिथेच ‘इथे थांबा’ असा फलक लावा. बस मागे थांबली की शेजारच्या पदराचं दृश्य मोकळं होतं. त्या पट्ट्यात पदर बदलू नये म्हणून सलग पांढरी रेघ ओढा. पुढे, वाहनसंख्या परवानगी देत असेल तर चार पदरांचे तीन करा: दोन्हीकडे एकेक आणि मधला वळणासाठी. मग शेजारचा पदरच उरत नाही. नाहीतर मध्ये थांबा-बेट, म्हणजे पादचाऱ्याला अर्ध्या वाटेत उभं राहायची सुरक्षित जागा, बांधा. आणि शेवटी लाल दिवा.

थांबा-बेट हे माझ्या मते वेगवान रस्त्यावरचं सगळ्यात मोलाचं काँक्रीट आहे, पण ते पुरेसं रुंद हवं. १.८ मीटर ही किमान रुंदी. आईच्या हातात बाबागाडी, किंवा सायकल धरलेला मुलगा उभा राहायचा तर २ ते अडीच मीटर. एक मीटरच्या दुभाजकात खाच पाडून त्याला बेट म्हणणं म्हणजे मुलांना गाड्यांच्या बाजूच्या आरशांच्या टप्प्यात उभं करणं. खाच रस्त्याच्या पातळीवर, क्रॉसिंगच्या पूर्ण रुंदीची. वाहनांकडच्या नाकावर परावर्तक खांब, कारण रात्री बेटावर गाडी चढणं हा बेटाचाच नवीन अपघात असतो.

जागा असेल तर बेटातली वाट सरळ न ठेवता तिरकी किंवा नागमोडी ठेवा. दिशा जपून निवडा: बेटावर चालताना पादचाऱ्याचं तोंड उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरच्या येणाऱ्या वाहनांकडे असलं पाहिजे. उलटी नागमोड बांधली तर माणूस वाहनांकडे पाठ करून चालतो. ही चूक नकाशावर कळत नाही, म्हणून आराखड्यावर बोट ठेवून स्वतः ‘चालून’ बघा.

दिवे: चमकते आणि लाल

बटण दाबल्यावर जलद चमकणारे, आयताकृती, पिवळे जोड-दिवे दोन-तीन पदरांच्या आणि ताशी ५०-६० पर्यंतच्या रस्त्यावर चांगलं काम करतात. सौर पॅनेलवर चालतात, खोदकाम लागत नाही. त्यांचं बळ एवढ्यातच आहे की ते एरवी बंद असतात. चोवीस तास लुकलुकणारा पिवळा दिवा आठवड्याभरात चालकांच्या नजरेतून निघून जातो.

चार पदर आणि ताशी ६० च्या वर वेग असला तर लाल दिव्याला पर्याय धरू नका. पूर्ण सिग्नल किंवा ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये विकसित झालेला पादचारी-सिग्नल. हा एरवी काळा असतो, बटण दाबलं की पिवळा आणि मग लाल होतो.

वेळ लावताना: हिरवा माणूस किमान ७ सेकंद, त्यानंतर लुकलुकणारा काळ म्हणजे रुंदीला चालण्याच्या वेगाने भागून येणारे सेकंद. शाळेपाशी सेकंदाला एक मीटरच धरा; १४ मीटरला १४ सेकंद, एकूण २१. वळणारी वाहनं असतील तर पादचाऱ्यांचा हिरवा ३ ते ७ सेकंद आधी सुरू करा, म्हणजे गाडी वळायच्या आत मुलं रस्त्याच्या मध्यात, डोळ्यांसमोर असतात. बटण दाबल्यावर ३० सेकंदांपेक्षा जास्त वाट बघायला लावलीत तर मुलं लाल दिव्यातच निघतात. आणि ती गेल्यावर रिकाम्या क्रॉसिंगसमोर गाड्या थांबतात, ज्यामुळे पुढच्या वेळी चालकही लाल मानत नाहीत. बटण ९० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर, उभं राहायच्या जागेपासून हात पोचेल इतकं जवळ हवं. पाणी साचणाऱ्या वाफ्यापलीकडे बसवलेली बटणं कोण दाबणार?

पादचारी पुलाबद्दल थोडक्यात. खाली साडेपाच मीटर मोकळी जागा आणि पुलाची जाडी धरून सहा मीटर चढायचे. १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्या वर, ४० खाली. रॅम्प १२ ला १ केला तर एका बाजूलाच ७२ मीटर, मधले टप्पे वेगळे. दप्तर घेतलेलं मूल याऐवजी दुभाजकावर चढतं. द्रुतगती मार्ग असेल, किंवा जमिनीचा चढ-उतारच असा असेल की पायऱ्या लागत नाहीत, तरच पूल किंवा भुयारी वाट धरा.

आता पट्टे

ब्रिटनमध्ये १९३४ पासून क्रॉसिंगवर पिवळ्या गोळ्यांचे खांब होते आणि रस्त्यात धातूचे खिळे ठोकलेले असत. चालणाऱ्याला खिळे दिसायचे, चालकाला नाही. म्हणून १९५१ मध्ये काळे-पांढरे पट्टे आले. ते पहिल्यापासून चालकाच्या डोळ्यांसाठी आहेत, आणि रंगकामाची तपासणीही तिथूनच, गाडीच्या सीटवरून, करायला हवी.

पट्टे वाहनाच्या दिशेला समांतर, ४० ते ६० सेंटिमीटर रुंद, मध्ये तेवढीच फट. शाळेपाशी क्रॉसिंगची एकूण रुंदी तीन मीटरच्या खाली नको. घंटेनंतर घोळका मावत नाही आणि कडेची मुलं बाहेरून चालतात. आखणी करताना पदरातली चाकांची वाट बघून पट्टे असे सरकवा की चाकं फटींतून जातील. रंग कितीतरी जास्त टिकतो आणि याला एक पैसाही लागत नाही.

साधा रंग वर्दळीत काही महिन्यांत जातो. त्याऐवजी गरम थर्मोप्लास्टिक (तापवून पसरायचं, थंड झालं की घट्ट होणारं मिश्रण) अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचं, मिश्रण १८० ते २०० अंश सेल्सिअसला. पृष्ठभाग कोरडा आणि झाडलेला असावा. सकाळचं दंव किंवा डांबरातली ओल असेल तर बुडबुडे येतात आणि पापुद्रे निघतात. काँक्रीटवर प्रायमर लावल्याशिवाय ते धरतच नाही. काचेचे मणी थर गरम असतानाच टाकायचे. मिनिटभर उशीर झाला तर ते वर बसतात आणि पहिल्या आठवड्यात उडून जातात. फार लवकर टाकले तर पूर्ण बुडतात आणि रात्री चमकत नाहीत. निम्मा मणी आत, निम्मा बाहेर, हे बरोबर. नवीन पट्ट्यावर बोट फिरवलं तर सँडपेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. गुळगुळीत पट्ट्यावर पावसात दुचाकी घसरते, म्हणून मिश्रणात घसरणरोधक खडीही मागा. लाल-निळे त्रिमितीय चित्रपट्टे टाळा. पहिल्यांदा चालक दचकतो, दुसऱ्यांदा दुर्लक्ष करतो.

रात्रीसाठी दिवा क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर नको. तिथून डोकं उजळतं आणि चालकाला काळी आकृतीच दिसते. खांब वाहनं येतात त्या बाजूला, क्रॉसिंगच्या काही मीटर आधी हवा, म्हणजे उजेड मुलाच्या चालकाकडच्या अंगावर पडतो. दुहेरी रस्त्याला म्हणून दोन खांब. जमिनीपासून दीड मीटरवर उभ्या प्रतलात २० लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळाले की पुरे. लक्समीटर मोबाइलसारखा आडवा न धरता येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उभा धरायचा.

फाटकावरचा माणूस

बांधकाम व्हायला महिने लागतात. तोवर क्रॉसिंगवर प्रशिक्षित रक्षक हवा. शिकवायचं ते एवढंच, पण ते अचूक.

मुलं कडेपासून एक पाऊल मागे. रक्षक आधी वाहनांत फट शोधतो. येणारी गाडी थांबण्याच्या अंतरापेक्षा जवळ असेल, म्हणजे ५० च्या रस्त्यावर ३५ मीटरच्या आत, तर पाऊल टाकत नाही. मग हातातला ‘थांबा’ फलक उंच धरून रस्त्याच्या मध्यावर जातो, वाहनांकडे तोंड करून. फलक किमान ४५ सेंटिमीटरचा, दोन्ही बाजूंनी परावर्तक. जवळच्या पदरातली गाडी थांबली, की तिच्यापलीकडच्या पदराकडे बघतो. प्रत्येक पदरातली पुढची गाडी उभी राहिली, चाकं थांबली, की मगच शिट्टी. चालकाने डोकं हलवलं किंवा दिवे दाखवले, एवढ्यावर नाही. शेवटचं मूल फूटपाथवर चढेपर्यंत फलक खाली येत नाही, आणि रक्षक सगळ्यांच्या शेवटी निघतो.

चार पदरांना दोन रक्षक, एकेका बाजूला. मुलांना रक्षक म्हणून उभं करू नका. आणि रक्षकाने वाहतूक पुढे काढायचं काम अंगावर घेऊ नये. ते करता करता त्याची पाठ मुलांकडे होते.

नंतर

काम झाल्यावर महिन्याने, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ५० मीटरवर पुन्हा १०० गाड्या मोजा. शिवाय एक मोठा माणूस क्रॉसिंगच्या कडेला उभा करून ५० गाड्यांपैकी किती थांबतात ते लिहा. अपघात कमी झाले का, यावरून निकाल लावू नका. एका जागेवर अपघात इतके तुरळक असतात की पुढचं वर्ष काहीही न करता बरं जाऊ शकतं. वेग आणि थांबण्याचं प्रमाण खोटं बोलत नाही. वेग ताशी चार-पाच किलोमीटरही उतरला नसेल तर ओटा बुटका झालाय किंवा पदर अजून रुंद आहे.

देखभालीची फेरी वर्षातून दोनदा, एक अंधार पडल्यावर. बटण दाबून दिवा लागतो का, खांबाची काच पुसलेली आहे का, झाडाची फांदी फलकावर आली आहे का, बेटाच्या नाकावरचा खांब वाकलाय का. दुसरी फेरी पाऊस पडून गेल्यावर, पाणी कुठे साचलंय ते बघायला. आणि रस्त्याचं पुन्हा डांबरीकरण निघालं की त्या दिवशी जागेवर जा: नवीन थर ओट्याच्या पायथ्याशी पाच सेंटिमीटर चढला की १०० मिलिमीटरचा ओटा ५० चा होतो, आणि डांबराखाली गेलेले पट्टे परत मारायचं काम कुणाच्याच यादीत नसतं.